अतिसूक्ष्म जागेत पाणी कसे उकळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे वाक्य शाळेत पाठ झालेले असते. पदार्थविज्ञान शिकवताना केसाहून बारीक नळी, दगडातील छिद्र किंवा धान्याचा दाणा यांचा विषय निघाला की हे वाक्य अडखळू लागते आणि विद्यार्थी एकामागून एक प्रश्न विचारतात. त्यांपैकी नेहमी येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत.

पाणी १०० अंशांना उकळते, हे मग चूक आहे का?

चूक नाही, पण अपुरे आहे. ज्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो, त्याला आपण उत्कलनांक म्हणतो. समुद्रसपाटीला तो १०० अंश असतो. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी असल्यामुळे तो साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास येतो. मात्र दाबांची ही बरोबरी झाल्याने उकळण्याची केवळ शक्यता निर्माण होते. प्रत्यक्ष उकळण्यासाठी पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा जन्माला यावा लागतो, तो वाढावा लागतो आणि त्याला वाढायला जागा लागते. सूक्ष्म जागेतील उकळण्याचे सगळे कोडे या बुडबुड्याच्या जन्मात आणि जागेत आहे.

स्टीलच्या पातेल्यात चहाचे आधण ठेवून तळाकडे नीट पाहावे. सुरुवातीला तळाला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसतात ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. आधण येऊ लागले की मात्र तळावरच्या काही ठरावीक ठिपक्यांमधूनच बुडबुड्यांच्या माळा वर चढताना दिसतात. पातेले किंचित फिरवले तर त्या माळाही त्याच्याबरोबर फिरतात, कारण ते ठिपके पाण्यात नसून धातूवरच्या ओरखड्यांमध्ये असतात.

लहान बुडबुड्याला जन्म घेणे एवढे अवघड का जाते?

पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो आणि बुडबुड्याभोवतीचा हा ताणलेला पृष्ठभाग त्याला सतत चिरडू पाहतो. थॉमस यंग आणि लाप्लास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले की या चिरडणाऱ्या दाबाचे प्रमाण बुडबुड्याच्या त्रिज्येच्या व्यस्त असते: त्रिज्या दहापट कमी झाली की दाब दहापट वाढतो.

आकडे घालून पाहिले की हे मनात ठसते. पाण्याचा पृष्ठताण १०० अंशांजवळ मीटरला सुमारे ०.०५९ न्यूटन असतो. त्यामुळे १ मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याला जाणवावा असा जादा दाब लागतच नाही. त्रिज्या १० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल, तर एका वातावरणाच्या, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या, जवळपास नवव्या हिश्शाइतका जादा दाब लागतो, म्हणजे पाणी सुमारे १०३ अंशांपर्यंत तापावे लागते. त्रिज्या १ मायक्रॉन असेल, तर बाहेरच्या वातावरणाच्या दाबावर जवळजवळ आणखी एका वातावरणाचा दाब लागतो आणि तापमान १२० अंशांच्या थोडे पुढे जावे लागते. शिट्टीच्या बेतात आलेल्या प्रेशर कुकरमध्येही साधारण हाच दाब आणि हेच तापमान असते. डोळ्यांना न दिसणारा एक मायक्रॉनचा बुडबुडा टिकायचा असेल, तर त्याच्या पोटात स्वयंपाकघरातल्या कुकरइतका दाब हवा. त्रिज्या ०.१ मायक्रॉनवर आली की गरज १८० अंशांच्या आसपास पोहोचते.

येथे एक पेच उभा राहतो. प्रत्येक मोठा बुडबुडा आधी लहान असतो आणि लहान असतानाच त्याच्यावरचा दाब सर्वांत जास्त असतो.

असे असेल, तर रोजचे आधण १०० अंशांना येतेच कसे?

ओरखड्यांमुळे. भांड्याच्या पृष्ठभागावरील काही मायक्रॉनच्या खाचांमध्ये पाणी ओतताना हवा अडकून राहते. तेथे बुडबुड्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तयार पोकळीत वाफ भरते, फुगते आणि सुटते, आणि खाचेत उरलेली थोडी वाफ पुढच्या बुडबुड्याचे बीज ठरते.

या खाचा नसतील तर काय होते, हे मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये गुळगुळीत काचेच्या पेल्यात पाणी तापवणाऱ्यांनी गंभीरपणे समजून घ्यायला हवे. पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही शांत दिसते, आणि त्यात चमचा किंवा कॉफीची पूड पडताच एकदम उसळून हात आणि चेहरा भाजतो. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन करताना याच कारणासाठी द्रवात सच्छिद्र चिनी मातीचे तुकडे टाकतात. हे तुकडे द्रव थंड असतानाच टाकायचे, आणि एकदा उकळणे थांबून द्रव थंड झाला की नवे तुकडे घ्यायचे, कारण जुन्या तुकड्यांच्या छिद्रांत तोवर द्रव शिरलेला असतो आणि बीजरूपाने राहिलेली हवा गेलेली असते. विद्यार्थिदशेत मी हा दुसरा नियम विसरलो होतो. अर्धा चंबू द्रव क्षणात थेट छताला लागला, आणि केवळ काचेच्या पडद्यामुळे डोळे वाचले.

खाच नाही, धूळ नाही, विरघळलेली हवा नाही, अशा पूर्ण निर्मळ पाण्यातही शेवटी रेणूंच्या स्वतःच्या धडपडीतून बुडबुडा फुटतोच. एका वातावरणाच्या दाबाखाली ही मर्यादा ३०० अंशांच्या जवळपास आहे.

केसाहून बारीक नळीत पाणी उकळले तर काय होते?

उघड्या भांड्यात बुडबुडा साधारण दोन-अडीच मिलिमीटरचा झाला की उत्प्लावक बलाने सुटून वर जातो. नळीच त्याहून अरुंद असेल, तर त्याला सुटायला जागा नसते. तो भिंतींना टेकतो, लांबट होतो आणि नळी अडवून बसतो. त्याच्या व भिंतीच्या मध्ये पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा उरतो. उष्णता वाहून नेण्याचे मुख्य काम हा पापुद्राच करतो, कारण त्याच्या बाष्पीभवनाच्या वाटेत अडथळा फार थोडा असतो. पापुद्रा सुकला की मात्र भिंत उघडी पडते आणि तेथील तापमान झपाट्याने चढते.

या विषयाला जोर आला तो संगणकाच्या चिपमुळे. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीस यांनी सिलिकॉनमध्ये सुमारे ५० मायक्रॉन रुंदीच्या वाहिन्या कोरून, त्यांतून न उकळणारे पाणी खेळवून, दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट उष्णता काढून दाखवली. पाणी उकळू दिले तर त्याहून थोड्या पाण्यात काम व्हायला हवे, हा पुढचा विचार स्वाभाविक होता: एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.२ जूल लागतात, तर तेच पाणी १०० अंशांना वाफ होताना २२५७ जूल उष्णता घेऊन जाते.

पण वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते, आणि अरुंद वाहिनीत ती जागा मिळत नाही. एखादा बुडबुडा अचानक फुगला की तो पुढे जातो तसा मागेही जातो, येणाऱ्या पाण्याला उलटे ढकलतो, शेजारच्या वाहिनीत जादा पाणी लोटले जाते आणि स्वतःची वाहिनी कोरडी पडते. या अस्थिरतेचा मुळापासून अभ्यास करणाऱ्यांमध्ये सतीश कांदळीकर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. मुंबईच्या आयआयटीतून डॉक्टरेट घेऊन ते पुढे अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक झाले. १० ते २०० मायक्रॉनपर्यंतच्या वाहिनीला सूक्ष्मवाहिनी म्हणावे, ही आज सर्वत्र वापरात असलेली वर्गवारी त्यांच्या लेखनातून रूढ झाली. उपायही त्याच अभ्यासातून पुढे आले: प्रत्येक वाहिनीचे तोंड मुद्दाम अरुंद ठेवायचे, म्हणजे वाफ मागे फिरत नाही, आणि भिंतीत ठरावीक मापाच्या खाचा कोरायच्या, म्हणजे बुडबुडा उशिरा आणि धडाक्याने न येता वेळेवर आणि बेताने येतो. पातेल्यातला ओरखडा येथे मोजमाप करून कोरला जातो.

सूक्ष्म उकळण्याचा रोजच्या वापरातला उपयोग कोणता?

उष्णतेवर चालणारा इंकजेट प्रिंटर. १९७७ मध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंग आयर्न (धातूचे सांधे जोडण्याचे तापणारे हत्यार) चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागले आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्यातून कॅननचे बबल जेट तंत्र निघाले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने स्वतंत्रपणे याच वाटेने जाऊन १९८४ मध्ये थिंकजेट बाजारात आणला.

या प्रिंटरच्या शाईत मुख्यतः पाणी असते. काही डझन मायक्रॉन बाजूच्या एका चपट्या तापकातून (हीटरमधून) एक-दोन मायक्रोसेकंद वीज सोडतात. एवढ्या थोड्या वेळात उष्णता पाण्यात अर्ध्या-एक मायक्रॉनपेक्षा खोल शिरूच शकत नाही, त्यामुळे तापकाला लागून असलेला पाण्याचा पापुद्राच तेवढा तापतो, आणि तोही ३०० अंशांच्या आसपास. १०० अंश केव्हा येऊन गेले हे कळायच्या आत पाणी आपल्या अंतिम मर्यादेला भिडलेले असते, आणि ओरखड्याची वाट न पाहता सगळा पापुद्रा एकाच वेळी वाफ होतो. हा चपटा बुडबुडा शाईचा काही पिकोलिटरचा थेंब छिद्रातून बाहेर फेकतो आणि काही मायक्रोसेकंदांत विरून जातो. एकेका छिद्रात हे सेकंदाला हजारो वेळा घडते. खाचेतून निघणारा बुडबुडा लहरी असतो, तर मर्यादेवर फुटणारा बुडबुडा प्रत्येक वेळी अगदी सारखा असतो; म्हणून थेंब सारखे पडतात आणि अक्षर स्वच्छ उमटते.

जागा पूर्णपणे बंद असेल, तर?

येथे उलटेच दृश्य दिसते, आणि मला स्वतःला या विषयातले सर्वांत मोहक वाटते ते हेच. स्फटिक वाढत असताना त्यात कधी कधी गरम पाण्याचे काही मायक्रॉनचे थेंब कोंडले जातात. स्फटिक थंड होतो, पाणी आकसते आणि थेंबात वाफेचा एक बारीक बुडबुडा उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो बुडबुडा कधी कधी हलताना, थरथरताना दिसतो. आता स्फटिक हळूहळू तापवला, तर पाणी उकळून बुडबुडा मोठा होईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो लहान होत जातो आणि एका ठरावीक तापमानाला नाहीसा होतो. पोकळीचे आकारमान बांधलेले आहे, पाणी प्रसरण पावते आणि वाफेची जागा व्यापते. पाण्याचे प्रमाण पुरेसे असलेल्या बंद पोकळीत १०० अंश, १५० अंश, २०० अंश येतात आणि जातात. उकळणे घडतच नाही. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५८ मध्ये या निरीक्षणावरून स्फटिक किती तापमानाला तयार झाला असेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली, आणि खनिजशास्त्रात ती आजही वापरात आहे.

गोष्ट येथे संपत नाही. बुडबुडा नाहीसा झाल्यावर स्फटिक पुन्हा थंड केला, तर तो त्याच तापमानाला परत येत नाही. पाणी आकसू पाहते, पण त्याने भिंती घट्ट धरलेल्या असतात आणि नवा बुडबुडा जन्मायला ओरखडा नसतो. मग पाणी रबरासारखे ताणले जाते आणि त्यातील दाब ऋण होतो. १९९१ मध्ये ॲरिझोनातील संशोधकांनी क्वार्ट्झमधील अशा थेंबांत सुमारे १४०० वातावरणे इतका ऋण दाब गाठल्याचे दाखवले. झाडांच्या खोडातील जलवाहिन्यांतही पाणी असेच, याहून पुष्कळ कमी, ताणाखाली असते. एखाद्या वाहिनीत बुडबुडा शिरलाच, तर दोन वाहिन्यांमधील पडद्याची नॅनोमीटरच्या (मायक्रॉनच्या हजाराव्या भागाच्या) मापाची छिद्रे त्याला शेजारी जाऊ देत नाहीत. लहान बुडबुड्याला लागणारा मोठा दाब येथे झाडाचे रक्षण करतो.

ज्वारीची किंवा मक्याची लाही फुटते ती याच नियमाने का?

होय. मक्याच्या दाण्यात वजनाच्या १४ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, ते पिठूळ गाभ्यात विखुरलेले असते आणि बाहेरचे टरफल ते कोंडून धरते. फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की मक्याचे दाणे १८० अंशांच्या आसपास फुटतात. त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब सुमारे १० वातावरणे असतो. तोवर गाभ्यातला स्टार्च मऊ झालेला असतो. टरफल फाटते, दाब एकाएकी उतरतो, अतितप्त पाणी त्या मऊ गाभ्यात सगळीकडे एकदम उकळते आणि त्याचा फेस होऊन तसाच थिजतो. लाही म्हणजे थिजलेले उकळणे होय.

नागपंचमीच्या आधी आमच्याकडे आजी ज्वारी आदल्या रात्री कोमट पाण्यात ओलवून, उपसून, फडक्यात घट्ट बांधून ठेवत असे आणि सकाळी थोडी सुकवून तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकत असे. वरचे पाणी सुकलेले आणि आतले मुरलेले असावे, असे ती म्हणे. दाण्याच्या आत ओल समान पोहोचावी आणि टरफल मात्र कोरडे व मजबूत राहावे, हेच त्यामागचे शास्त्र आहे. ज्यांच्या टरफलाला चीर असते किंवा ज्यांत ओल कमी असते, ते दाणे कढईच्या तळाशी गणंग म्हणून उरतात: चिरेतून वाफ आधीच हळूहळू निघून जाते आणि दाब साठतच नाही.

काँक्रीट, वीट, मडके यांनाही धोका असतो का?

असतो. कुंभार कच्ची मडकी सावलीत पुरती वाळल्याखेरीज आव्यात लावत नाही, कारण जाड बुडात राहिलेल्या ओलीची वाफ बारीक छिद्रांतून वेळेत बाहेर पडली नाही, तर मडके तडकते. दाट काँक्रीटमध्ये हेच भीषण रूप घेते. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणाऱ्या चॅनल टनेलमध्ये आग लागली, तेव्हा अस्तराच्या काँक्रीटचे थरच्या थर उडाले. छिद्रांत कोंडलेल्या वाफेचा दाब आणि तापमानातील तफावतीने आलेला ताण ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. काँक्रीट जितके उत्तम दर्जाचे आणि दाट, तितकी वाफेची वाट अरुंद, हे येथे लक्षात ठेवायला हवे. म्हणून बोगद्यांच्या काँक्रीटमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू मिसळतात. आगीत ते १६० ते १७० अंशांच्या दरम्यान वितळतात आणि वाफेला वाट मोकळी करून देतात.

नॅनोमीटर मापाच्या छिद्रात पाणी उकळते का?

नेहमीच्या अर्थाने नाही. पाण्याच्या रेणूचा व्यास सुमारे ०.२८ नॅनोमीटर असतो. छिद्र एक नॅनोमीटरचे असेल, तर त्यात तीन-चार रेणू कसेबसे शेजारी मावतात. तेथे बुडबुडा, पृष्ठभाग, पृष्ठताण या शब्दांना अर्थच उरत नाही. थोड्या मोठ्या छिद्रांसाठी लॉर्ड केल्व्हिन यांचे १८७१ चे सूत्र उपयोगी पडते. पाण्याला धरून ठेवणाऱ्या १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात, नेहमीच्या तापमानाला, बाष्पदाब सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे असे पाणी सहज निघून जात नाही आणि ते काढण्यासाठी जास्त तापवावे लागते.

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या जमिनीत विपुल आहे. १७५६ मध्ये स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ ॲक्सेल क्रॉन्स्टेट यांनी स्टिल्बाइटसारखे एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरले, तेव्हा ते फेसाळून फुगले. त्यांनी त्याला झिओलाइट म्हटले. ग्रीक भाषेत याचा अर्थ उकळणारा दगड. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील खाणींत निघणारे झिओलाइटचे स्फटिक जगभर प्रसिद्ध आहेत, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे सुंदर नमुने पाहायला मिळतात. त्यांच्या जाळीतील वाटा एक नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतात आणि त्यांत पाणी बसलेले असते. स्फटिक सावकाश तापवला, तर एकही बुडबुडा न दिसता हे पाणी रेणूरेणूने, १०० अंशांच्या अलीकडून कित्येक अंश पलीकडपर्यंत, सुटत राहते, आणि पुष्कळ झिओलाइट थंड झाल्यावर दमट हवेतून ते परत घेतात. क्रॉन्स्टेट यांना फेस दिसला, कारण ज्योतीत दगड झपाट्याने तापून वितळत होता. बेसॉल्टमधील ज्या पोकळीत हे स्फटिक वाढले, तीही लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यानेच मागे ठेवलेली असते.

कार्बनच्या नळीत पाणी उकळत्या पाण्याच्या तापमानाला गोठते, हे खरे आहे का?

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मायकेल स्ट्रानो यांच्या गटाने २०१६ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १.०५ नॅनोमीटर व्यासाच्या कार्बन नळीतील पाण्याची अवस्था १०५ ते १५१ अंशांच्या दरम्यान बदलते आणि त्याखाली ते बर्फासारखे घट्ट असते, असे त्यांना रामन वर्णपटावरून, म्हणजे नमुन्यातून विखुरलेल्या प्रकाशाच्या विश्लेषणावरून, आढळले. नळी १.०६ नॅनोमीटरची घेतली की हाच पट्टा ८७ ते ११७ अंशांवर आला. व्यासात केवळ एक शतांश नॅनोमीटरचा फरक होता. या अवस्थेला नेहमीचा बर्फ समजू नये. इतक्या अरुंद जागेत रेणूंची रचनाच वेगळी होते.

सूक्ष्म जागेत उत्कलनांक नेहमी वाढतोच का?

नाही. भिंत पाणी झिडकारणारी असेल, तर सगळे उलट होते. अशा भिंतीच्या अरुंद छिद्रात पाणी आपणहून शिरत नाही, नॅनोमीटरच्या छिद्रात ते घुसवायला शेकडो वातावरणांचा दाब लागू शकतो, आणि दाब काढताच पुष्कळदा ते वाफेला जागा देऊन बाहेर पडते. म्हणून जागेचे माप सांगताना भिंत कशाची आहे हेही सांगायला हवे.

यातले काही घरी करून पाहता येईल का?

पातेल्यातील बुडबुड्यांच्या माळा आणि कढईतील लाह्या निर्धास्त पाहाव्यात. एक प्रयोग मात्र कधीही करू नये: दोन्ही टोके बंद केलेली काचेची नळी किंवा बुचाची बाटली पाण्यासह तापवू नये. बंद जागेत तापलेले पाणी किती शांत दिसते हे वर आलेच आहे, आणि १८० अंशांना काचेच्या आतल्या बाजूला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलोचा भार असतो. मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापवायचेच असेल, तर त्यात आधीच लाकडी काडी किंवा लाकडी चमचा उभा ठेवावा. लाकडाच्या छिद्रांतील हवा बुडबुड्यांना सुरुवात करून देते.